पुण्याचा स्वतःचा रेडिओ कार्यक्रम: राजकारण, नाटक-गाणं आणि नदी-टेकड्या. जमेल का?

मुठाकाठची

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते एकदाचं टाकतेच.

माझी मावसबहीण बर्कलीला असते. तिच्या ओट्यावर दिवसभर केपीएफए नावाचं स्टेशन चालू असतं. १९४९ पासूनचं आहे, जाहिराती घेत नाहीत, श्रोत्यांच्या वर्गणीवर चालतं. नेटवर पण लागतं म्हणून मीही इथून अधूनमधून ऐकते. आधी तिथल्या नगरपालिकेतलं काहीतरी भांडण, मग कुठल्याशा छोट्या थेटरात नाटक बसवणारा मुलगा, मग खाडीच्या पाण्यावर काम करणाऱ्या बाई, असं सगळं एका पंगतीत बसलेलं असतं आणि कोणी कोणावर ओरडत नाही.

आपल्याकडे एफेम लावलं की काय ऐकू येतं ते सांगायला नको. खोटा फोन करून कोणाचातरी बकरा, सोनेतारण कर्ज, टू बीएचके, आणि तेच गाणं जे सकाळी रिक्षात लागलं होतं. आणि त्याच शहरात ४४ किलोमीटर नदीकाठ बदलायचा प्रकल्प चाललाय ज्याचा आकडा साडेचार हजार कोटींच्या वर गेलाय, मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली तेव्हापासून नंतर कितीतरी काळ सगळं प्रशासकाच्या सहीवर चाललं, तेव्हा तर प्रश्न विचारायला सभागृहच नव्हतं. हे सगळं आपल्याला कळतं कुठून तर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून, गुड मॉर्निंगच्या फुलांच्या मधून.

तर आयडिया अशी की आठवड्याला एक तास, मराठीत, फक्त पुण्याचं. वीस मिनिटं महापालिका, वीस मिनिटं नाटक-गाणं-चित्रं, वीस मिनिटं नदी-टेकड्या-झाडं. रेडिओवरच, पॉडकास्ट नाही, का ते नंतर सांगते. जाणकारांनी उजेड पाडावा.

सदाशिवपेठी

वीस मिनिटांचा भाग वीस मिनिटांत संपवणारा पुणेकर आणा, बाकीचं मी बघतो.

ध्वनिमुद्रक

धागाकर्तीचा उत्साह मोडायचा नाहीये. पण मी कम्युनिटी रेडिओत काम करतो (स्टेशन सांगत नाही, नोकरी प्यारी आहे) त्यामुळे एक गोष्ट आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचे पन्नास प्रतिसाद वाचतील.

तुमची पहिली वीस मिनिटं भारतात कुठल्याच बिगरसरकारी रेडिओवर लागू शकत नाहीत. पैसा नाही, माणसं नाहीत, हा नंतरचा मुद्दा. नियमातच बसत नाही.

खाजगी एफेमला स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी आहे. २०११ च्या धोरणात एवढीच सूट मिळाली की आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं, एक शब्द न बदलता लावता येईल. कम्युनिटी रेडिओ आपल्याकडे २००२ ला आधी शिक्षणसंस्थांना दिला, मग २००६ ला स्वयंसेवी संस्थांनाही. पुण्यात विद्यापीठाची विद्यावाणी आहे १०७.४ वर, एफटीआयआयचं ९०.४ आहे. पण २००६ च्या नियमावलीत स्पष्ट लिहिलंय की बातम्या, चालू घडामोडी आणि राजकीय स्वरूपाचं काहीही लावायचं नाही. आकाशवाणीच्या बातम्यांची सवलत नंतर आम्हालाही मिळाली, तीच, शब्द न बदलता वाली. शिवाय १०० वॅटचा ट्रान्समीटर, टॉवर ३० मीटरपर्यंत, म्हणजे फार तर दहाबारा किलोमीटर. त्यातही एफेमच्या लहरी सरळ रेषेत जातात, मध्ये टेकडी आली की पलीकडे खरखर. निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक लोकांसोबत केलेले पाहिजेत, आणि प्रत्येक गोष्टीचं रेकॉर्डिंग तीन महिने जपून ठेवायचं, कोणी मागितलं तर दाखवायला.

आता गंमत बघा. हवामान, ट्रॅफिक, खेळ, सणसमारंभ, परीक्षा आणि निकाल, नोकऱ्यांची माहिती, वीजपाणी, नैसर्गिक आपत्ती, हे सगळं 'बातमी नाही' असं धरलेलं आहे. त्यामुळे उद्या तुमच्या भागात पाणी येणार नाही हे मी बिनधास्त सांगू शकतो. का येणार नाही यात शिरलो की काचेपलीकडून आमच्या मॅडम हात हलवायला लागतात.

निमशहरी

थांबा थांबा. म्हणजे पेपर लिहू शकतो, टीव्हीवर रात्री नऊला आठ जण एकदम किंचाळू शकतात, यूट्यूबवर कोणीही उठून कोणाचीही आयमाय काढू शकतो, आणि फक्त रेडिओने तोंडाला कुलूप? हे कुठलं लॉजिक?

तारीख_पुढची

लॉजिक असं की रेडिओलहरींवर सरकारची मालकी, ही ब्रिटिशांची सवय, ती सुटलेली नाही.

कायद्याच्या बाजूने थोडं. ९ फेब्रुवारी १९९५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. भांडण होतं क्रिकेटचे सामने टीव्हीवर कोण दाखवणार याचं, बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार यांच्यात, आणि त्यातून कोर्टाने म्हटलं की प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही. मुख्य निकाल लिहिणारे न्या. पी. बी. सावंत निवृत्तीनंतर आपल्या पुण्यातच, बाणेरला राहायचे, २०२१ मध्ये गेले. म्हणजे हवा सगळ्यांची हे ज्यांनी लिहिलं ते आपल्याच गावात, आणि त्या निकालाला तीस वर्षं उलटली तरी त्याच गावात रेडिओवर वॉर्डातल्या गटाराबद्दल प्रश्न विचारायची चोरी.

२०१३ ला कॉमन कॉज संस्थेने बातम्यांवरच्या बंदीविरुद्ध याचिका पण केली होती. सरकारचा सूर काय, तर सुरक्षेचा प्रश्न आहे आणि इतक्या स्टेशनांवर लक्ष ठेवायला यंत्रणा नाही. टीव्ही चॅनेल शेकड्याने आहेत त्यांच्यावर कोण लक्ष ठेवतं ते विचारू नका.

आजोबांचा_ट्रान्झिस्टर

मुलांनो, तुम्ही सगळे एफेमवर अडकलात. आकाशवाणीला ही बंदी नाही आणि आकाशवाणी पुणे २ ऑक्टोबर १९५३ पासून इथेच शिवाजीनगरला आहे. ७९२ किलोहर्ट्झ. आमच्याकडे सकाळी सुधा नरवणेंचा आवाज आला की आई म्हणायची चला, डबा भरा. प्रादेशिक बातम्या म्हणजे घड्याळच होतं. दहा मिनिटांत सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर सगळं. पुण्याच्या वाट्याला त्यातलं किती यायचं हा प्रश्न आहेच, पण यायचं.

आणि कलेचं म्हणाल तर १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर आठवड्याला एक नवं गीत, अशी गीतरामायणाची ५६ गाणी याच केंद्रावरून गेली. आज एखाद्या चॅनेलला सांगून बघा, वर्षभर दर आठवड्याला नवीन गाणं, तेही आधी लिहून, चाल लावून, गाऊन.

पण २०२३ मध्ये याच पुण्यातला प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून बातम्या संभाजीनगरहून द्यायचं ठरलं होतं. लोकांनी आरडाओरडा केला म्हणून तेव्हा थांबलं. त्या वेळी किती तरुण मंडळींना पत्ता होता की असा काही विभाग आहे? माझ्या नातवाने विचारलं, आजोबा तुम्ही कशाबद्दल चिडलाय?

मुठाकाठची

आजोबा, अगदी. आणि 'न्यूज ऑन एअर' ॲपवर पुणे केंद्र लागतं बरं का, खरखर नाही, नातवाला सांगा घालून द्यायला.

ध्वनिमुद्रक, माहितीबद्दल खरंच धन्यवाद, डोक्याला झिणझिण्या आल्या. पण मग माझा प्रश्न आणखी अवघड झाला. राजकारण काढलं तर पर्यावरण तरी उरतं का? पाण्याचंच घ्या. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून २९ टीएमसीच्या आसपास साठा. त्यातलं शहराला किती आणि दौंड-इंदापूरच्या शेतीला कालव्याने किती आवर्तनं, हे ठरतं कालवा सल्लागार समितीत, तिथे अध्यक्ष पालकमंत्री, सभोवती आमदार. आता हा विषय पर्यावरणाचा का राजकारणाचा? २०१८ ला सप्टेंबरात दांडेकर पुलाजवळ मुठा कालवा फुटून वस्तीत पाणी घुसलं तेव्हा खापर कोणावर फुटलं आठवतंय ना, उंदीर आणि घुशींवर. रेडिओवर मी काय करायचं, उंदरांची बाजू मांडायची?

सदाशिवपेठी

उंदीर पक्षात नसतात त्यामुळे नियमात बसेल.

टेकडीवाली

मला वाटतं आपण उलटीकडून सुरुवात करतोय. आधी 'काय बोलायला बंदी' बघण्यापेक्षा 'काय ऐकवता येईल' ते बघा.

मी वेताळ टेकडीवर पक्षी रेकॉर्ड करते, हौस म्हणून. उजाडायच्या आधी खाणीच्या बाजूला बसलं तर पहिल्यांदा मोर, मग टिटवी, मग तांबटचं ते टुक टुक टुक सुरू होतं आणि थांबतच नाही, ऊन वर आलं की सातभाईंची कलकल. हे सगळं चालू असतानाच खालून एक सलग गुंगुं येत असतं, आधी वाटतं वारा आहे. वारा नसतो. पौड रोड असतो. हेडफोन लावल्याशिवाय हे कळतच नाही कारण आपले कान ते गाळून टाकतात. साडेसात-आठला तो आवाज इतका चढतो की तांबट त्याच्या खाली जातो, मीटरवर दिसतं.

आता बालभारती ते पौड फाटा रस्ता टेकडीच्या अंगावरून न्यायचा प्रस्ताव किती वर्षं पडून आहे, २०२३ च्या एप्रिलमध्ये त्याविरुद्ध मोठा मोर्चा निघाला, सगळ्यांना माहितीये. मी रेडिओवर त्या रस्त्याबद्दल एक अक्षर बोलणार नाही. मी फक्त सहा वाजताची तीन मिनिटं आणि साडेआठची तीन मिनिटं लागोपाठ ऐकवीन. कुठला नियम मोडला सांगा?

बाकी टेकडीवर सगळं अस्सल रान आहे असंही समजू नका, अर्धी टेकडी गिरिपुष्पाने भरलीय, वनीकरणात लावलेलं. त्यावरही एक भाग होईल आणि त्यात टेकडीप्रेमी एकमेकांशीच भांडतील.

निमशहरी

टेकडीवाली ताई, हे भारी आहे. रेडिओ म्हणजे आवाज, आणि आपण इथे नुसत्या चर्चा लावायच्या गोष्टी करतोय.

धरणाखालचा

मी सिंहगड रोडला राहतो. २५ जुलै २०२४ ची पहाट. एकतानगरीत पार्किंगमध्ये पाणी, मग तळमजल्यात, लोक अंगावरच्या कपड्यांनिशी वर पळाले. वरून पस्तीस हजार क्युसेकच्या पुढे सोडलं होतं. ते सोडावं लागलं का, नदीपात्रात भराव कोणी टाकला, निळ्या पूररेषेच्या आत घरांना परवानग्या कशा मिळाल्या, हे सगळं नंतर. त्या पहाटे माझ्या कॉमन बोळात शेजारच्या काकू एकच विचारत होत्या, किती सोडलंय आणि अजून किती येणार? आणि कोणाला माहीत नव्हतं. कोणी कळवायला हवं होतं यावर नंतर खात्याखात्यांत टोलवाटोलवी झाली ती वेगळीच. व्हॉट्सॲपवर तेव्हा पाच वेगवेगळे आकडे फिरत होते, त्यातला एक तर आदल्या वर्षीचा. थोड्या वेळाने लाईट गेली, मग फोनची बॅटरी.

आपत्ती ही 'बातमी नाही' या यादीत आहे ना, मग दर तासाला विसर्ग किती आणि भिडे पुलावर पाणी आलं का हे सांगणारं एक स्टेशन पावसाळ्याचे चार महिने चाललं तरी मी वर्गणी देतो. सेलवरचा रेडिओ घेऊन ठेवीन. नाटक-बिटक तुम्ही नंतर घाला.

हेडफोन्स_ऑन

सगळं मान्य पण तुम्ही लोक २००६ च्या नियमाशी का कुस्ती खेळताय? पॉडकास्ट काढा, मोबाईलवर रेकॉर्ड करा, संध्याकाळी अपलोड, ना परवाना ना १०० वॅट ना मॅडमचा हात. राजकारण, नाटक, नदी, जे पाहिजे ते, जितका वेळ पाहिजे तितका. आता तर नवीन फोनमध्ये एफेमची सोयही येत नाही. ऐकणार कोण तुमचा रेडिओ?

मुठाकाठची

हेच नंतर सांगते म्हटलं होतं. पॉडकास्ट कोण ऐकतं? मी, तुम्ही आणि हा धागा वाचणारे, म्हणजे ज्यांना नदीकाठ प्रकल्पाबद्दल आधीच मत आहे. शोधून, सबस्क्राईब करून, कानात बोंडं घालून ऐकायची गोष्ट आहे ती. रेडिओ कानावर पडतो. आमच्या सोसायटीचे वॉचमन रात्रभर लावून बसतात, इस्त्रीवाल्याच्या टपरीवर असतो, पीएमपीच्या थांब्यामागच्या चहावाल्याकडे असतो, रिक्षात आणि गाड्यांत तर आहेच. त्यांच्यापैकी कोणी 'मुळा-मुठा पुनरुज्जीवन भाग १' सर्च करणार नाही, पण दोन गाण्यांच्या मध्ये लागलं तर ऐकेल, आणि आपल्यापेक्षा जास्त माहिती तोच देईल.

ध्वनिमुद्रक

+१. आमच्याकडे सर्वात जास्त फोन कोणाचे येतात माहितीये का? दुपारी एकट्या घरी असणाऱ्या बायकांचे, आणि रात्रपाळीवाल्यांचे. एक काका केवळ आमचा निवेदक 'चौदा' ला 'चवदा' म्हणतो हे सांगायला फोन करतात. दर आठवड्याला.

पॉडकास्टचं म्हणाल तर करा की, दोन्ही करा. पण एक लक्षात घ्या, डिजिटल बातम्यांनाही २०२१ पासून नियमावली आहे, अगदी मोकळं रान नाही.

काठमांडू_रिटर्न

उशिरा आलो. रेडिओ सगरमाथाचं नाव अजून कोणी कसं घेतलं नाही? काठमांडूचं स्टेशन, १०२.४ वर, १९९७ ला सुरू झालं, दक्षिण आशियातलं पहिलं स्वतंत्र कम्युनिटी स्टेशन. आणि ते काढलं कोणी, तर नेपाळच्या पर्यावरण पत्रकारांच्या संघटनेने! म्हणजे तुमचा पर्यावरण-राजकारण-कला हा मेळ तिथे जन्मापासून आहे. मी नोकरीनिमित्त तिथे होतो तेव्हा सकाळी हॉटेलच्या स्वयंपाकघरात हेच लागायचं, बागमती नदीची घाण आणि मंत्र्याची मुलाखत आणि मग लोकगीत.

२००५ ला राजाने सत्ता हातात घेतली तेव्हा पहिल्यांदा काय केलं असेल तर एफेमवरच्या बातम्या बंद. म्हणजे राजालासुद्धा कळत होतं रेडिओत किती दम आहे.

अमेरिकेचं पण सांगतो. तिथे २००० साली छोट्या संस्थांसाठी लो पॉवर एफेम हा प्रकार काढला, त्याची मर्यादा किती? १०० वॅट. आपल्याइतकीच. वॅट तेवढेच, बोलायची मुभा वेगळी.

नाट्यवेडा

मला मधल्या वीस मिनिटांची काळजी आहे कारण त्यावर कोणी बोलतच नाहीये, कला म्हणजे काय दोन गंभीर विषयांमधली चटणी आहे का?

पुण्यात सुदर्शनला, भरत नाट्यला, इकडे तिकडे छोट्या जागांत वर्षभर जे प्रायोगिक होतं त्याच्याबद्दल छापून काय येतं? 'प्रेक्षकांची दाद मिळवली.' समीक्षेची जागा पेपरातून कधीच गेली. एखादं नाटक चार प्रयोगांत संपतं आणि ते झालं होतं याचा पुरावा म्हणजे नटाच्या फोनमधले फोटो. रेडिओवर तालमीचा आवाज घ्या ना. तालमीत एकच वाक्य दिग्दर्शक पंधरा वेळा म्हणायला लावतो, त्यातलं तिसरं आणि पंधरावं लागोपाठ ऐकवा, अभिनय म्हणजे काय ते कुठल्याही व्याख्यानापेक्षा लवकर कळेल. (टेकडीवाली ताईंची आयडिया ढापली.)

आणि कलेत राजकारण नाही असं समजू नका. २०२२ ला पुरुषोत्तम एकांकिका स्पर्धेच्या परीक्षकांनी करंडक कोणालाच दिला नाही तेव्हा कट्ट्याकट्ट्यावर पंधरा दिवस तोच विषय होता. त्यावर परीक्षक आणि पोरं समोरासमोर बसवून एक तास केला असता तर काय मजा आली असती. २०२४ च्या फेब्रुवारीत विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाटक बंद पाडलं, विभागप्रमुख आणि विद्यार्थ्यांना अटक झाली. त्यावर तुमच्या रेडिओवर काय लावणार? सतार?

बालगंधर्व पाडून नवीन बांधायचं का, हा विषय कलेच्या वीस मिनिटांत का महापालिकेच्या, हे पण आधी ठरवा.

सरळमार्गी

छान छान. आता खरं बोलू का? हा कार्यक्रम चालवणार कोण ते मला आत्ताच दिसतंय. तीच ती कोथरूड-डेक्कनची झोळीवाली मंडळी, रस्ता नको, मेट्रो नको, पूल नको, आणि स्वतः दोन गाड्या. धायरी-आंबेगावला राहून हिंजवडीला जाणाऱ्याला विचारा टेकडीतून रस्ता पाहिजे का. सरकारने राजकारण बंद ठेवलंय ते बरंच आहे.

निमशहरी

आली का काडी.

सदाशिवपेठी

सरळमार्गी, मी पेठेत राहतो आणि माझ्याकडे सायकल आहे, झोळी पण आहे, पण ती भाजीची.

टेकडीवाली

चिडायचा मूड होता पण नाही चिडत, कारण त्यांचा मुद्दा निम्मा बरोबर आहे. धायरीच्या माणसाचा दीड तास पण आवाजच आहे. तोही रेकॉर्ड झाला पाहिजे, हॉर्नसकट. टेकडीवाल्यांनाच बोलावलं तर मी स्वतः स्टेशन बदलीन.

काठमांडू_रिटर्न

अमेरिकेतल्या बिगरव्यावसायिक स्टेशनांना एक नियम आहे, निवडणुकीत अमुक उमेदवाराला मत द्या किंवा देऊ नका असं स्टेशनने म्हणायचं नाही. बाकी काय वाट्टेल ते विचारा. आपण स्वतःवर तेवढंच बंधन घालून घेतलं तर सरळमार्गींना चालेल?

सरळमार्गी

चालेल. पण नगरसेवकाला बोलावलं तर मध्येमध्ये तोडायचं नाही, पूर्ण बोलू द्यायचं.

सदाशिवपेठी

नगरसेवकाला पूर्ण बोलू दिलं तर वीस मिनिटांचं काय होणार?

संपादक मंडळ

धाग्यातले तीन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. पक्षांची नावं घेऊन धुळवड करायला वेगळे धागे आहेत, तिकडे जावं.

ध्वनिमुद्रक

रात्रपाळी झाली, घरी येऊन हे सगळं वाचलं. मी आमच्या स्टेशनमध्ये एका वरिष्ठांशी सहज बोलून बघितलं, नाव न घेता. त्यांचं म्हणणं असं की 'राजकीय' ची व्याख्या कुठे बारकाईने लिहिलेली नाही, त्यामुळे प्रत्येक स्टेशन घाबरून आपापली रेषा आखतं, आणि ती रेषा नियमापेक्षा चार पावलं अलीकडेच असते. परवाना जायची भीती. नूतनीकरणाच्या वर्षी तर पाऊस पडला हे सांगतानाही दोनदा विचार करतात.

त्यामुळे मी एक सुचवतो. टिप्पणी करायचीच नाही. नुसतं वाचायचं.

म्हणजे कसं, झाड तोडायच्या आधी १९७५ च्या कायद्याप्रमाणे जाहीर नोटीस द्यावी लागते, झाडावर पण चिकटवतात, आणि हरकत घ्यायला सात दिवस असतात. ती नोटीस कोण वाचतं? पेपरात आतल्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात. आपण ती रेडिओवर वाचायची. रस्त्याचं नाव, झाडाचं नाव, संख्या, कारण, हरकतीची शेवटची तारीख, कुठल्या कार्यालयात द्यायची. ही सार्वजनिक सूचना आहे, त्यात आमचं मत कुठेच नाही. तसंच धरणांचे साठे, सोडलेला विसर्ग, कुठल्या भागात पाणी बंद. तसंच त्या आठवड्यात कुठे काय नाटक, मैफल, प्रदर्शन, ते तर नियमातच बसतं. मग टेकडीवालींची तीन अधिक तीन मिनिटं. मग नाट्यवेडांची तालीम.

अशी तासाभराची एक फीत आधी करू. मग दाखवू कोणा स्टेशनला. दाखवल्याशिवाय कोणी हो म्हणत नाही आणि कोणी नाही म्हणायलाही कारण लागतं.

मुठाकाठची

हे वाचून आधी थोडं वाईट वाटलं, इतकं घाबरत घाबरत करायचं? पण मग मोठ्याने म्हणून बघितलं. "अमुक रस्ता. वड एक. पिंपळ दोन. रेन ट्री नऊ. कारण, रस्तारुंदी. हरकतीची शेवटची तारीख, मंगळवार." ऑफिसला जाताना रिक्षात हे ऐकू आलं तर रिक्षावाले काका गप्प बसतील असं तुम्हाला वाटतं?

आजोबांचा_ट्रान्झिस्टर

वाचताना आवाज सपाट ठेवा. बातमी वाचणाऱ्याने भुवई उंचावली तरी आवाजात ऐकू येते. मी वाचायला तयार आहे, दात नवीन आहेत पण बसलेत नीट.

धरणाखालचा

पैसे?

ध्वनिमुद्रक

फीत करायला फुकट, सगळ्यांचा वेळ आणि माझा रेकॉर्डर. पुढे स्टेशनने घेतलं तर जाहिराती असतात, २०२४ च्या नियमांत तासाला सात मिनिटांवरून बारा मिनिटं केलीत. पण कोपऱ्यावरचा डेअरीवाला किती देणार आणि बिल्डरची जाहिरात घेऊन नदीचा कार्यक्रम कसा करणार, हे तुम्हीच बघा. वर्गणीचं मला जास्त पटतं. थोडी थोडी, पण बऱ्याच लोकांची.

सदाशिवपेठी

नाव काय ठेवायचं ते अजून कोणी काढलं नाही म्हणजे धागा चुकून पुण्याबाहेर गेलाय का?

नाट्यवेडा

नाव शेवटी. नाव आधी ठेवलं की फक्त बोधचिन्हावर चर्चा होते, तीन ग्रुप बघितलेत असे बंद पडलेले.

सरळमार्गी

मी रोजचा हिंजवडी प्रवास रेकॉर्ड करून देतो. फोनवर चालेल का? कितीही शिव्या ऐकू आल्या तर मी जबाबदार नाही.

ध्वनिमुद्रक

फोनवर चालेल. एअरप्लेन मोडवर टाका नाहीतर मध्ये कॉल येऊन सगळं जातं. काचा अर्ध्या उघड्या, एसी बंद, फोन डॅशबोर्डवर नको, थडथड येते, शर्टाच्या खिशात ठेवा आणि खिशात किल्ल्या-सुटे पैसे नकोत. सुरुवातीला तारीख, वेळ आणि कुठे आहात ते मोठ्याने बोला. टेकडीवाली, तुमच्या मूळ फाइली द्या, व्हॉट्सॲपवर पाठवू नका, आवाजाचा चुरा होतो. धरणाखालचा, तुमच्या त्या काकू बोलतील का विचारा. नोटिसा गोळा करायचं काम मुठाकाठचीकडे. शिव्या मी काढतो.